दहा चौरस मीटरची बाजू

औषधांचं किरकोळ दुकान काढायचं तर किमान दहा चौरस मीटर जागा हवी, असं औषध नियम सांगतात. म्हणजे जेमतेम १०८ चौरस फूट. एवढ्या जागेत एक फ्रिज, छताला भिडलेली कपाटं, काउंटर, आणि भिंतीवर फ्रेम करून लावलेले दोन परवाने: फॉर्म २० मधला सर्वसाधारण औषधांचा आणि फॉर्म २१ मधला लस, इन्सुलिन यांसारख्या जैविक औषधांचा. शेजारी फार्मासिस्टच्या नोंदणीचा दाखला. गल्लोगल्ली ज्याला नुसतं ‘मेडिकल’ म्हणतात, ते हेच.

गेल्या दहा-बारा वर्षांत या दुकानाची बाजू दिल्ली आणि मद्रास उच्च न्यायालयांत, केंद्रीय आरोग्य मंत्रालयात, स्पर्धा आयोगापुढे आणि रस्त्यावरही मांडली गेली. मांडणारी मुख्य संघटना ऑल इंडिया ऑर्गनायझेशन ऑफ केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स, म्हणजेच एआयओसीडी. तिचं मुख्यालय मुंबईत आणि अध्यक्षपद दीर्घकाळ कल्याणच्या जगन्नाथ शिंदे यांच्याकडे. व्यापारात त्यांना आप्पा म्हणूनच ओळखतात. त्यामुळे देशभरच्या या लढ्याची बरीचशी सूत्रं महाराष्ट्रातून हलली. छोट्या दुकानाची बाजू रास्त आहे, आणि ती टिकावी असं वाटायला भरपूर कारणं आहेत. पण या काळातले निकाल, अधिसूचना आणि आदेश एकापुढे एक ठेवून वाचले, तर एक गोष्ट सलते. या दुकानाचा सर्वांत भक्कम मुद्दा संघटनेने मागे ठेवला आणि सर्वांत कच्चा मुद्दा पुढे रेटला.

आधी हिशेब पाहू, कारण सगळ्या वादाचं मूळ त्यात आहे. ज्या औषधांच्या किमती सरकार ठरवतं, त्यांच्यासाठी २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के मार्जिन धरलं आहे. हे १६ टक्के दुकानदाराच्या खरेदी किमतीवर मोजतात. म्हणजे १०० रुपयांना घेतलेली गोळ्यांची पट्टी कर सोडून ११६ ला विकता येते. विक्रीच्या किमतीवर मोजलं, तर दुकानदाराच्या हातात शंभरामागे चौदा रुपयेसुद्धा पुरते पडत नाहीत. नियंत्रणाबाहेरच्या औषधांना व्यापारात रूढ झालेला दर २० टक्क्यांचा, आणि घाऊक विक्रेत्याला १० टक्क्यांचा. यातून भाडं, वीज, फार्मासिस्टचा पगार, पोऱ्याचा पगार, मुदत संपलेल्या मालाचा तोटा आणि महिनाअखेरीपर्यंतची उधारी भागवायची असते.

आता एखादं मोबाइल अॅप २० ते २५ टक्के सूट देऊ लागलं, की गल्लीतल्या दुकानदारापुढे पर्याय उरत नाही. तेवढी सूट म्हणजे त्याचं सगळं मार्जिन, कधी त्याहूनही जास्त. मग अॅपवाल्यांना ती परवडते कशी? मोठे समूह घाऊक व्यापारही स्वतःच करतात, त्यामुळे दोन्ही टप्प्यांचं मार्जिन त्यांच्याकडेच राहतं. शिवाय सुरुवातीची कित्येक वर्षं तोटा गुंतवणूकदारांच्या पैशातून भरून निघतो. २०२० च्या ऑगस्टमध्ये रिलायन्सने नेटमेड्सच्या मूळ कंपनीतला बहुसंख्य वाटा सुमारे ६२० कोटी रुपयांना घेतला. पुढच्याच वर्षी टाटा डिजिटलने वनएमजीमध्ये बहुसंख्य हिस्सा घेतला आणि फार्मइझीने मेडलाइफ आपल्यात सामावून घेतलं. दहा चौरस मीटरच्या दुकानासमोर आता देशातले सर्वांत मोठे उद्योगसमूह उभे होते.

कायद्याची अडचण मात्र अॅपवाल्यांच्या बाजूला होती, आणि आजही आहे. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा जागेला धरून लिहिलेला आहे. परवाना जागेला मिळतो. दोन ठिकाणी विक्री करायची तर दोन परवाने. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यायचं असतं. चिठ्ठी लेखी हवी, तिच्यावर सही आणि तारीख हवी. पुण्यातल्या रुग्णाने मोबाइलवर चिठ्ठीचा फोटो टाकला, बंगळुरूतल्या सर्व्हरने तो वाचला आणि भिवंडीच्या गोदामातून माल निघाला, तर देखरेख नेमकी कुठे झाली? परवाना कोणत्या जागेचा धरायचा? कंपन्यांचं उत्तर असं, की आपण केवळ मध्यस्थ आहोत, औषध देणारं दुकान परवानाधारकच असतं.

या प्रश्नावर पहिली मोठी ठिणगी महाराष्ट्रात पडली. २०१५ च्या एप्रिलमध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, चिठ्ठीवर मिळणारी औषधं ऑनलाइन विकली जात असल्यावरून स्नॅपडीलच्या मुंबईतल्या जागेवर छापा घातला आणि पुढे गुन्हाही नोंदवला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला केमिस्टांनी देशव्यापी बंद पाळला. दुसरा बंद ३० मे २०१७ चा, तिसरा २८ सप्टेंबर २०१८ चा. तिसऱ्याच्या एक महिना आधी, २८ ऑगस्ट २०१८ रोजी, केंद्राने ई-फार्मसीच्या नियमांचा मसुदा काढला होता. व्यापारात तो ‘८१७’ या अधिसूचनेच्या क्रमांकानेच ओळखला जातो. ऑनलाइन विक्रेत्याने केंद्रीय यंत्रणेकडे नोंदणी करावी, पन्नास हजार रुपये शुल्क भरावं, अमली आणि गुंगी आणणारी औषधं विकू नयेत, रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी, अशा त्यातल्या अटी होत्या.

त्यानंतर जे घडलं त्याला धोरण म्हणणं कठीण आहे. १२ डिसेंबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने एका त्वचारोगतज्ज्ञाच्या जनहित याचिकेवर विनापरवाना ऑनलाइन विक्री थांबवण्याचा अंतरिम आदेश दिला. पाचच दिवसांनी मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने तमिळनाडूतल्या केमिस्ट संघटनेच्या याचिकेवर निकाल दिला: ३१ जानेवारी २०१९ पर्यंत नियम अधिसूचित करा, तोवर ऑनलाइन विक्री बंद. नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने त्याला स्थगिती दिली. मसुदा मसुदाच राहिला. २०२३ च्या फेब्रुवारीत औषध महानियंत्रकांनी वीसहून अधिक ऑनलाइन विक्रेत्यांना कारणे दाखवा नोटिसा बजावल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने धोरण ठरवायला केंद्राला आठ आठवड्यांची शेवटची संधी दिली, आणि २०२४ च्या मार्चमध्ये आणखी चार महिन्यांची. दरम्यान कुरियरची खोकी दारोदार पोचतच होती.

मधल्या काळात टाळेबंदी आली. २६ मार्च २०२० रोजी निघालेल्या ‘२२०’ क्रमांकाच्या अधिसूचनेने औषधं घरपोच द्यायला परवानगी दिली. तिच्यातल्या अटी बारकाईने वाचण्यासारख्या आहेत. घरपोच देणारा परवानाधारक किरकोळ दुकानदारच हवा, आणि रुग्ण त्याच महसुली जिल्ह्यातला हवा. जुनाट आजाराची चिठ्ठी तीस दिवसांच्या आतली, तात्पुरत्या आजाराची सात दिवसांच्या आतली. या अटी जणू गल्लीतल्या मेडिकलसाठीच बेतल्या होत्या. नाशिकच्या दुकानदाराने नाशिक जिल्ह्यात पोचवावं, दूरच्या राज्यातल्या गोदामाने नव्हे, असा त्यांचा सरळ अर्थ. साथ ओसरल्यावर मात्र संघटनेची मागणी राहिली ती ही अधिसूचनाच मागे घेण्याची, कारण मोठ्या कंपन्या तिचा आडोसा घेतात. तक्रार खरी आहे. पण जिल्ह्याची अट काटेकोरपणे पाळायला लावा, अशी मागणी घेऊन कोर्टात जाणं कितीतरी परिणामकारक ठरलं असतं. तिच्यात छोट्या दुकानाचाही फायदा होता आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचाही.

संघटनेच्या इतिहासाचं दुसरं पान फारसं कुणी उघडत नाही. ते उघडल्याशिवाय छोट्या दुकानाची बाजू पुरी समजत नाही.

गोव्याच्या सासष्टी तालुक्यात वारका नावाचं गाव आहे. ‘वारका ड्रगिस्ट अँड केमिस्ट’ या फर्मने आणि इतर काही व्यावसायिकांनी गोव्याच्या केमिस्ट संघटनेविरुद्ध तक्रार केली. ती २००९ साली जुन्या एमआरटीपी आयोगापुढे नोंदली गेली आणि पुढे भारतीय स्पर्धा आयोगाकडे आली. तक्रारीचं सार असं, की औषध कंपनीने स्टॉकिस्ट कुणाला नेमायचं हे संघटना ठरवते, मार्जिन संघटना ठरवते, आणि न ऐकणाऱ्याचा माल अडवला जातो. २०१२ च्या जूनमध्ये आयोगाने संघटनेला दोषी धरून दंड ठोठावला. दोन वर्षांनी, २०१४ मध्ये, त्याच संघटनेविरुद्ध आयोगाला पुन्हा आदेश काढावा लागला.

शिखर संघटनेवर वेळ आली ती ओडिशातल्या कटकच्या सांतुका असोसिएट्स या व्यापारी कंपनीच्या तक्रारीवरून. १९ फेब्रुवारी २०१३ च्या आदेशात स्पर्धा आयोगाने एआयओसीडीला ४७ लाख ४० हजार ६१३ रुपयांचा दंड केला. आयोगाला आक्षेपार्ह वाटलेल्या प्रथा व्यापारातल्या प्रत्येकाला माहीत होत्या. एक, ‘एनओसी’: कंपनीला नवा स्टॉकिस्ट नेमायचा असेल, तर आधी संघटनेचं ना-हरकत पत्र लागे. दुसरी, ‘पीआयएस’: नवं औषध बाजारात आणण्यापूर्वी त्याची माहिती संघटनेच्या पत्रकात छापायला कंपनीने पैसे भरायचे, नाहीतर माल उचलला जायचा नाही. तिसरी, दोन्ही टप्प्यांवर ठरवून घेतलेलं मार्जिन. आणि या सगळ्याच्या पाठीशी बहिष्काराची धमकी.

यात भरडला कोण गेला, हे पाहायला हवं. तक्रारदारांमध्ये कुणी अवाढव्य कंपनी नव्हती. ते याच व्यापारातले मध्यम आणि लहान लोक होते. नवीन तरुणाला स्टॉकिस्ट व्हायचं असेल, कुणाला शेजाऱ्यापेक्षा दोन टक्के सूट जास्त द्यायची असेल, तर त्याला संघटनेचंच दार बंद. छोट्या दुकानदारांच्या नावाने उभ्या राहिलेल्या संघटनेने छोट्या दुकानदारालाच अडवावं, हे फार वाईट झालं. त्याची किंमत पुढे मोजावी लागली. काही वर्षांनी हीच संघटना अॅपवाल्यांच्या तोट्यातल्या विक्रीवर बोट ठेवू लागली, तेव्हा समोरच्यांच्या हातात आयोगाचे हे आदेश तयार होते. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आयोगाने स्वस्त आरोग्यसेवेसाठी बाजारपेठेत काय सुधारणा हव्यात यावर एक धोरणटिपण काढलं. त्यात औषधांच्या अनावश्यक फुगलेल्या व्यापारी मार्जिनवर आणि ते जपण्यातल्या व्यापारी संघटनांच्या वाट्यावर स्पष्ट टीका होती.

मग भक्कम मुद्दा कोणता? तो दुकानाच्या भिंतीवरच टांगलेला असतो: फार्मासिस्टचा दाखला.

१९४८ च्या फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय नियमांत तर फार्मासिस्टने रुग्णाशी बोलून औषध कधी घ्यायचं, कशाबरोबर घ्यायचं नाही, कसं साठवायचं हे समजावून सांगणं अपेक्षित धरलं आहे. २०१४ च्या मार्चपासून ‘एच-वन’ ही वेगळी अनुसूची लागू झाली. तिच्यात ठरावीक प्रतिजैविकं, क्षयरोगाची औषधं आणि काही गुंगीची औषधं येतात. ती देताना डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि प्रमाण यांची वेगळी नोंदवही ठेवायची आणि ती तीन वर्षं जपायची. रक्तदाबाच्या दोन डॉक्टरांनी दोन नावांनी एकच औषध लिहून दिलंय हे ओळखणारा, आजीच्या थरथरत्या हातातली इन्सुलिनची सुई पाहून तिला पेन कसं धरायचं ते दाखवणारा जाणकार माणूस घरापासून दोनशे पावलांवर असणं, ही गोष्ट कोणत्याही अॅपला सहज देता येणार नाही. कायद्याने तर ती बंधनकारकच केली आहे.

प्रत्यक्षात काय होतं, ते महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. दाखला एकाचा आणि काउंटरवर दुसराच. महिन्याला ठरावीक रक्कम घेऊन सर्टिफिकेट ‘भाड्याने’ देण्याची रीत जुनी आहे. महेश झगडे एफडीएचे आयुक्त असताना, २०११ ते २०१४ च्या दरम्यान, प्रशासनाने यावर जोरदार मोहीम उघडली. फार्मासिस्ट हजर नाही, बिल दिलं नाही, चिठ्ठीविना औषध विकलं, या कारणांवरून परवाने निलंबित होऊ लागले. त्या वेळी राज्यातल्या केमिस्टांनी मोहिमेविरुद्ध आंदोलनं केली. छोट्या गावात पूर्णवेळ फार्मासिस्ट परवडत नाही, आणि इन्स्पेक्टरकडून छळ होतो, ही त्यांची तक्रार होती. तिच्यात तथ्य असेलही. तरी आपल्या व्यवसायाला इतरांपासून वेगळं काढणारी एकमेव अटच जाचक ठरवून संघटनेने आपल्या हातातलं शस्त्र बोथट केलं. काउंटरमागे फार्मासिस्ट नसलेल्या दुकानाने, अॅपमागे फार्मासिस्ट नाही म्हणून न्यायालयात जायचं कसं?

बिलावरच्या बॅच नंबरचं महत्त्व २०२५ च्या शरदात अख्ख्या देशाने पाहिलं. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात कोल्ड्रिफ हे खोकल्याचं औषध प्यायल्याने वीसहून अधिक मुलं दगावली. त्यातल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. तमिळनाडूत बनलेल्या त्या औषधाच्या एसआर-१३ या बॅचमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष प्रचंड प्रमाणात सापडलं. महाराष्ट्राच्या एफडीएने त्या बॅचची विक्री आणि वापर ताबडतोब थांबवण्याचा इशारा दिला. असा इशारा निघतो तेव्हा यंत्रणेचं शेवटचं टोक म्हणजे हेच काउंटर. बिलावर बॅच नंबर आणि रुग्णाचं नाव असेल, तर दुकानदार त्या घरी निरोप धाडू शकतो, बाटली परत आणवू शकतो. बिलच नसेल, तर इशारा कपाटापर्यंत पोचतो आणि तिथेच थांबतो.

अमेरिकेतल्या स्वतंत्र औषधविक्रेत्यांनी आपली लढाई कशी लढवली, याकडे या ठिकाणी पाहण्यासारखं आहे. तिथला शत्रू वेगळा. विमा कंपनी आणि दुकान यांच्यामध्ये ‘फार्मसी बेनिफिट मॅनेजर’ नावाचे मध्यस्थ असतात. कोणत्या औषधाचे दुकानदाराला किती पैसे द्यायचे, ते हे मध्यस्थ ठरवतात. त्यांतले तीन सर्वांत मोठे मिळून देशातल्या सुमारे ८० टक्के चिठ्ठ्या हाताळतात, आणि त्यांच्या समूहांची स्वतःचीही औषधविक्री आहे. आर्कान्सा राज्यातल्या खेड्यापाड्यांतल्या दुकानांना खरेदी किमतीहूनही कमी पैसे मिळू लागले. तेव्हा त्यांनी विधिमंडळाकडे एक अगदी नेमकी मागणी केली: दुकानदाराला खरेदीच्या किमतीपेक्षा कमी देऊ नका, दिलं, तर त्याला दाद मागायची सोय असू द्या. २०१५ साली तसा कायदा झाला. मध्यस्थांची संघटना तो रद्द करून घ्यायला न्यायालयात गेली. १० डिसेंबर २०२० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रटलेज’ खटल्यात आठ विरुद्ध शून्य मतांनी राज्याचा कायदा कायम ठेवला. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायॉर यांनी निकाल लिहिला. पुढे २०२५ मध्ये त्याच राज्याने फार मोठी उडी घेतली आणि मध्यस्थांना औषधदुकानांची मालकीच बंद करणारा कायदा केला. त्याला जुलैमध्ये संघीय न्यायाधीशांनी अंतरिम मनाई दिली. छोटी, हिशेबावर उभी असलेली मागणी टिकली. व्यापक बंदी पहिल्याच पायरीवर अडली.

भारतातल्या केमिस्टांकडे अशा नेमक्या मागण्यांचा तुटवडा नाही. सरकारी जनऔषधी केंद्रांशी त्यांचं वाकडं असलं, तरी ती केंद्रंही बहुतेक छोटे दुकानदारच चालवतात, आणि तिथलं २० टक्के मार्जिन कागदावर स्पष्ट लिहिलेलं असतं. तोट्यात विक्री करून बाजार काबीज करण्यावर स्पर्धा कायद्याखाली दाद मागता येते. मार्जिन १६ टक्के पुरत नसेल, तर फार्मासिस्टच्या सल्ल्याचं वेगळं शुल्क मागता येईल. त्यासाठी फार्मासिस्ट मात्र खरोखर तिथे हवा.

सर्वांत मोकळं मैदान आहे ते रुग्णालयांचं. रुग्णालयाच्या आतल्या दुकानातूनच औषधं घ्या, या सक्तीविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२५ रोजी निकाली काढली. सिद्धार्थ दालमिया विरुद्ध भारत सरकार हे ते प्रकरण. याचिकाकर्त्याच्या आईवर कर्करोगाचे उपचार झाले होते आणि बाहेर स्वस्त मिळणारी औषधं आतून पूर्ण किमतीला घ्यावी लागली, अशी तक्रार होती. न्यायालयाने समस्या मान्य केली, पण स्वतः सक्तीचे आदेश देण्याचं नाकारलं आणि रुग्णांची पिळवणूक थांबवणारं धोरण आखण्याचा प्रश्न राज्य सरकारांवर सोपवला. इथे रुग्णाचा फायदा आणि रस्त्यापलीकडच्या मेडिकलचा फायदा अगदी एक आहे. तरीही ज्या तीन देशव्यापी बंदांसाठी लाखो दुकानांची शटरं खाली ओढली गेली, त्यांच्या केंद्रस्थानी हा विषय नव्हता. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव ठळक अक्षरांत असावं, कुठूनही औषध आणण्याची मुभा असल्याचा मराठी फलक प्रत्येक वॉर्डात असावा, बाहेरून आणलेलं औषध नाकारल्यास लेखी कारण द्यावं, एवढ्या तीन ओळींचा मसुदा मंत्रालयात नेऊन ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि सर्वोच्च न्यायालयाने चेंडू टाकला आहे तो राज्याच्याच अंगणात.